गुहागर साईडचं एक होमस्टे: खोल्या ठीक, जेवण एक नंबर, आणि रात्री पडवीत नागासाकी

५ पैकी ४. एक स्टार का कापला ते खाली येईल. रिव्ह्यू लांबलाय, पण या होमस्टेवर आधी ज्यांनी लिहिलंय त्यातल्या एकाने "मालक जेवणानंतर युद्धावर लेक्चर देतात" म्हणून २ स्टार दिलेत आणि दुसऱ्याने "जपानची बाजू घेतात" म्हणून डायरेक्ट १, आणि ते वाचून आमच्या घरात बुकिंग कॅन्सल करायचं चाललं होतं, त्यामुळे जरा डिटेलमध्येच लिहितो.

गुहागरहून वेळणेश्वरकडे जाताना मेन रोड सोडून खाली बागेत उतरायचं. शेवटचा उतार जांभ्याचा आहे, पावसात शेवाळ धरतं, गाडी खाली घासणारी असेल तर वर देवळापाशीच लावा. मालक तात्या स्वतः वर येतात आणि बॅगा उचलतात, सत्तरीच्या पुढचे असतील पण आपल्याला हात लावू देत नाहीत. खोलीतून समुद्र दिसत नाही. सी व्ह्यू, स्विमिंग पूल, रेन डान्स वगैरे पाहिजे असेल तर दुसरीकडे बघा. बीच चालत जाण्यासारखा आहे, मधे एक वहाळ लागतो तो ऑगस्टमध्ये भरून वाहत असतो, लहान मुलांचा हात धरा.

खोल्या कौलारू, कोब्याची जमीन, चादरी स्वच्छ, पावसाळ्यात कपाटाला जो कुबट वास येतो तो नाही. बाथरूम मागच्या अंगाला आहे, छत्री घेऊन जावं लागतं. गरम पाणी बंबाचं, सकाळीच मिळतं, गीझर आहे पण तो लाईट असेल तर, आणि लाईट संध्याकाळी जातेच. इन्व्हर्टरवर एक पंखा नि पडवीतली ट्यूब चालते. मोबाईलला रेंज फक्त पडवीच्या उजव्या कोपऱ्यात, त्यामुळे सगळे पाहुणे रात्री आपोआप पडवीतच येऊन बसतात, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

जेवणाबद्दल: आम्ही गेलो तेव्हा श्रावण होता आणि या घरात श्रावणात मासे शिजत नाहीत, हे बुकिंग करतानाच सांगतात, तरी लोक येऊन कटकट करतात ते मला कळत नाही. काळ्या वाटाण्याची उसळ, अळूचं फदफदं, टाकळ्याची भाजी, त्यात आठळ्या, लाल भात, सोलकढी आणि तीही पावडरवाली नाही, आगळाची. राखीपौर्णिमेला नारळी भात होता, गुळाचा, लवंग घातलेला, मी तीनदा वाढून घेतला. सकाळी घावणे नि नारळाचं रस. काकींच्या हाताला चव आहे एवढं म्हणून पुढे जातो, कारण ज्यावरून लोक स्टार कापतायत ते वेगळंच आहे.

तात्या मर्चंट नेव्हीत होते. खलाशी म्हणून लागले, सारंग होऊन रिटायर झाले. ऐंशीच्या दशकात एक नवीन जहाज ताब्यात घ्यायला त्यांची पार्टी नागासाकीला गेली होती, जहाज तयार व्हायला वेळ होता म्हणून तिथेच राहिले, आणि सुट्टीच्या दिवशी दुसरं काय करायचं म्हणून गाव पायी हिंडले. पडवीत घुसल्या घुसल्या समोर एक फोटो आहे, दगडी दार, पण एकाच खांबावर उभं. मला आधी वाटलं मॉडर्न आर्ट असेल. ते सान्नो देवळाचं तोरी आहे, बॉम्ब फुटला तिथपासून किलोमीटरभराच्या आत, स्फोटाकडचा खांब उडाला आणि दुसरा अजून उभाय. खाली तात्यांच्या अक्षरात तारीख, ९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. आणि आम्ही होतो तेव्हा शनिवार, ९ ऑगस्ट २०२५, बरोब्बर ८० वर्षं, त्यामुळे त्या रात्री विषय निघणारच होता.

काढला मात्र तात्यांनी नाही. पुण्याचं एक आयटीवालं कपल होतं, त्यातला तो फोटोकडे बघत म्हणाला की काही म्हणा, बॉम्ब टाकला म्हणून युद्ध संपलं, नाहीतर अमेरिकेला किनाऱ्यावर सैन्य उतरवावं लागलं असतं आणि दोन्हीकडचे लाखो मेले असते. हे आपण सगळ्यांनी शाळेपासून ऐकलेलंय. आणि तसा प्लॅन होता हेही खरं, १ नोव्हेंबर १९४५ ला जपानच्या क्यूशू बेटावर उतरायचं ठरलेलं होतं.

मग खेडचे एक रिटायर्ड सर बोलले, आणि माझ्या मते त्या रात्री सगळ्यात वजनदार बोलणं त्यांचंच होतं. त्यांचे आजोबा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. सर म्हणाले, तुम्ही लोक हिरोशिमा म्हणता तेव्हा डोळ्यासमोर फक्त जपानी बायका-मुलं येतात, ती यावीतच, पण ऑगस्ट ४५ मध्ये जपानी सैन्य अजून चीनमध्ये होतं, मलाया, सिंगापूर, जावामध्ये होतं, आपले पकडलेले सैनिक न्यू गिनीच्या जंगलात उपाशी मरत होते, अंदमानात पोर्ट ब्लेअर त्यांच्या ताब्यात होतं आणि जानेवारी ४४ मध्ये होम्फ्रेगंजला आपल्याच ४४ माणसांना हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या होत्या. व्हिएतनाममध्ये त्या वर्षी दुष्काळात लाखो लोक गेले. मनिलात फेब्रुवारी-मार्च ४५ च्या लढाईत एक लाखाच्या आसपास नागरिक गेले. म्हणजे युद्ध एक महिना लांबलं असतं तर तो महिना कुणाच्या तरी पोरांनी भरला असताच, ती पोरं जपानी नव्हती म्हणून मोजायची नाहीत का? शिवाय ओकिनावा. तिथे एप्रिल ते जून लढाई झाली, अमेरिकेचे १२ हजारांवर मेले आणि बेटावरचे साधे नागरिक एक लाखाच्या घरात. हे बघून कुठल्याही सेनापतीला क्यूशूवर उतरायची भीती वाटली असती.

यावर कुणाकडे पटकन उत्तर नव्हतं आणि तात्यांकडेही नव्हतं. ज्याने १ स्टार दिलाय त्याने हे नोंदवावं की तात्यांनी सरांना एकदाही मधे तोडलं नाही, उलट म्हणाले बरोबर हाय तुमचं, जपान्यांनी चीनमध्ये नानकिंगला काय केलं ते जपानी माणूसच मला सांगत नव्हता, मी विचारलं तर विषय बदलत होता.

मग त्यांनी त्यांचा प्रश्न टाकला. तो जसाच्या तसा असा: "सर, हिरोशिमाचं तुम्ही सांगितलात, मी घटकाभर मान्य करतो. आता मला नागासाकीचं सांगा."

आणि गंमत म्हणजे पडवीत बसलेल्या कोणाकडेच ते नव्हतं. ६ तारखेला पहिला, ९ ला दुसरा, मधे तीन दिवस, एवढंच सगळ्यांना माहीत. का, कोणी ठरवलं, तीन दिवसांत जपानने काय करायला हवं होतं, कुणी विचारच केलेला नाही. आपण नेहमी "हिरोशिमा-नागासाकी" एका दमात म्हणतो, त्यात दुसरं गाव पहिल्याच्या मागे लपून जातं.

तात्यांनी सांगितलं ते मी नंतर घरी येऊन वाचून काढलं, त्यांचं बरोबर आहे. दुसऱ्या बॉम्बचा वेगळा निर्णय झालाच नव्हता. २५ जुलैच्या लेखी हुकमात चार शहरं होती, हिरोशिमा, कोकुरा, निईगाता आणि नागासाकी. ३ ऑगस्टच्या सुमारापासून हवा साफ मिळाली की पहिला टाका, आणि पुढचे जसजसे तयार होतील तसतसे टाकत जा. बस्स. हिरोशिमानंतर थांबून बघायचं, टोकियोचं म्हणणं ऐकायचं, असं त्या कागदात कुठे नाही. दुसरा खरं तर ११ तारखेला होता, पुढे हवा बिघडणार असा अंदाज आला म्हणून दोन दिवस अलीकडे घेतला. तेही नागासाकीवर नव्हे, कोकुरावर, तिथे शस्त्रांचा कारखाना होता. विमान कोकुरावर तीन फेऱ्या मारून आलं, खाली धूर नि धुकं, डोळ्यांनी टार्गेट दिसल्याशिवाय टाकायचा नाही असा हुकूम, टाकीतलं काही इंधन पंप बिघडल्यामुळे वापरता येत नव्हतं, म्हणून वळले नागासाकीकडे. तिथेही ढग, शेवटच्या क्षणी एक फट सापडली, ठरलेल्या जागेपासून सुमारे ३ किलोमीटर बाजूला, उराकामीच्या खोऱ्यावर. वर्ष संपेपर्यंत ७० हजारांच्या आसपास माणसं गेली. हिरोशिमाला १ लाख ४० हजारांच्या आसपास.

तात्या म्हणाले, मोठं जहाज फुल अहेड चाललेलं असलं की इंजिन बंद केलं तरी मैलभर पुढे जातंच, तसं झालं ते. सगळ्यांनी माना हलवल्या. मला मात्र हे पटलं नाही आणि मी तिथेच बोललो, कारण १० ऑगस्टला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने हुकूम काढला की यापुढे माझ्या स्पष्ट परवानगीशिवाय एकही बॉम्ब टाकायचा नाही, आणखी एक लाख माणसं मारायची, त्यातली ती लहान मुलं, हे सहन होत नाही असं तो मंत्र्यांपुढे बोलल्याची नोंद एका मंत्र्याच्या डायरीत आहे. म्हणजे थांबवता येत होतं. एका ओळीच्या हुकमाने थांबलंच. मग तीच ओळ ७ तारखेला का नाही लिहिली? तात्या जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ह्ये बाकी खरं हाय."

बरं, दुसऱ्या बॉम्बने जपान शरण आला म्हणावं तर तेही सरळ नाही. ९ तारखेलाच पहाटे रशियाने जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात सैन्य घुसवलं होतं. टोकियोत सहा जणांची युद्धसमिती सकाळीच बसली होती, शरण जायचं तर कुठल्या अटींवर यावर तिघे विरुद्ध तिघे. मीटिंग चालू असताना नागासाकीची बातमी आली. त्यानंतरही तिघे विरुद्ध तिघेच राहिले. रात्री सम्राटाने स्वतः मत दिलं तेव्हा गाडी हलली. त्यामुळे दुसऱ्या बॉम्बने नेमकं काय साधलं हे सांगणं फार कठीण आहे, आणि ज्याचा उपयोग सांगता येत नाही त्याला ७० हजार माणसांचा हिशोब कसा लावायचा.

वसईचं एक वयस्कर ख्रिस्ती जोडपं होतं, ते तोपर्यंत ऐकतच होते. मग त्यातले अंकल म्हणाले, नागासाकी आम्हाला लहानपणापासून माहितीये, बॉम्बमुळे नाही, गोन्सालो गार्सियामुळे. आमच्या वसईचा माणूस, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मारला, आणखी २५ जणांबरोबर. पुढे १८६२ मध्ये संत झाला. तात्या उडालेच, म्हणाले त्या टेकडीवर मी गेलोय, स्टेशनाजवळ आहे, २६ पुतळे ओळीने, पण त्यात आपला कोकणपट्टीचा एक आहे हे मला आजपर्यंत कुणी बोललं नव्हतं. आणि मग अंकलनी पुढचं सांगितलं, की बॉम्ब पडला ते उराकामी म्हणजे जपानमधली सगळ्यात मोठी ख्रिस्ती वस्ती, अडीचशे वर्षं धर्म लपवून टिकलेले लोक, आणि त्यांचं कॅथेड्रल स्फोटापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. त्या वस्तीतल्या १२ हजारांपैकी साडेआठ हजार एका फटक्यात गेले असं सांगतात. विमानातले बहुतेक लोकही ख्रिस्तीच. हे ते कसलाही आवाज न चढवता सांगत होते. बाईंनी फक्त एवढंच विचारलं की त्या खोऱ्यात कारखाने नव्हते का.

होते, आणि हे तात्यांनी लपवलं नाही. मित्सुबिशीचा शस्त्रांचा कारखाना तिथेच होता, टॉर्पेडो बनायचे. शिपयार्डही युद्धनौका बांधणारं, मुसाशी तिथलीच. शिपयार्डातली १९०९ सालची मोठी क्रेन बॉम्बमधून वाचली, तात्यांनी ती चालताना बघितलीये. म्हणजे लष्करी टार्गेट नव्हतंच असं कुणी म्हणू नये. प्रश्न असा आहे की कारखाना मारायचा होता आणि माणसं मधे आली, की माणसंच मारायची होती. मे अखेरीस वॉशिंग्टनच्या समितीने जे ठरवलं त्यात सरळ लिहिलंय की टार्गेट म्हणजे भरपूर कामगार असलेला युद्धाचा कारखाना, आणि भोवती लगटून कामगारांची घरं असलेला. घरं हा अडथळा नव्हता, ती अटच होती. हिरोशिमात नेम धरला तो गावाच्या मधल्या पुलावर, लष्करी ठाण्यावर नाही, आणि ट्रुमनने रेडिओवर मात्र हिरोशिमाला लष्करी तळ म्हटलं. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

आता तात्यांशी माझा खरा मतभेद. ते नागासाकी बघून आलेत म्हणून त्यांची सुई तिथेच अडकते. मी म्हटलं तात्या, ९ आणि १० मार्चच्या रात्री टोकियोवर साधे आगीचे बॉम्ब टाकले, लाकडी घरांची वस्ती, एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं जळाली. त्याचा एकही फोटो तुमच्या पडवीत नाही. नागरिकांवर बॉम्ब टाकायचा नाही ही रेषा मार्चमध्येच पुसली होती, त्याआधी जर्मनांनी, इंग्रजांनी पुसली होती, जपान्यांनी चीनमध्ये पुसली होती, ऑगस्टमध्ये फक्त विमानं कमी लागली. आपण अणूला घाबरतो म्हणून अणूवर बोलतो आणि आगीच्या बॉम्बने जाळलेलं विसरतो. तात्या म्हणाले रेडिएशनचं काय, पिढ्या भोगतात. बरोबर आहे, पण मेलेल्याला फरक काय पडतो. यावर आमचं जमलं नाही आणि अजूनही जमलेलं नाही.

पुण्याच्या भावाने मधेच ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्बच, हे आपल्याकडे आधीपासून होतं, हा व्हॉट्सॲपवाला मुद्दा काढला. तेव्हा काकी ताटं आवरता आवरता म्हणाल्या, "होतं ना, मग अश्वत्थाम्याला शाप कशासाठी दिला ते पण वाच. अस्त्र मागे घेता येईना म्हणून उत्तरेच्या पोटातल्या पोरावर सोडलं त्याने." आणि आत गेल्या. त्याने नंतर तो विषय काढला नाही.

राधाबिनोद पालांचं नाव सरांनी काढलं. युद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या खटल्यातले भारतीय न्यायाधीश, त्यांनी वेगळा निकाल लिहिला आणि त्यात अणुबॉम्बच्या निर्णयाची तुलना नाझींच्या हुकमांशी केली. सरांना ते मान्य नाही, कारण जपानी नेत्यांना त्यांनी निर्दोष सोडलं. मला दोन्ही कळतं. पण एक निकाल फारसा कुणी सांगत नाही तो सांगतो, १९६३ मध्ये टोकियोच्याच जिल्हा कोर्टाने म्हटलं की दोन्ही बॉम्ब आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध होते, संरक्षण नसलेल्या शहरावर सरसकट हल्ला केल्यासारखे, आणि केस करणाऱ्या पीडितांना भरपाई मात्र शून्य. म्हणजे बेकायदेशीर होतं, पण पैसे कुणाकडून मागायचे ते आम्ही सांगू शकत नाही.

आता कापलेला स्टार. पुण्याच्या जोडप्याचा मुलगा, दुसरी-तिसरीतला असेल, पडवीत झोपाळ्यावर जागाच होता. तात्या म्युझियममध्ये काय बघितलं ते सांगायला लागले, आणि तेव्हा पोटात असलेल्या काही मुलांची डोकी लहान राहिली वगैरे, ते त्या वयाच्या मुलासमोर नको होतं. त्याची आई उठून त्याला आत घेऊन गेली पण तोपर्यंत त्याने ऐकलेलं. सकाळी घावणे खाताना तो काकींना विचारत होता की आपल्याकडे पण टाकतील का. बोलण्यावर माझं ऑब्जेक्शन नाही, पण बुकिंगच्या वेळी मासे नाहीत हे सांगता तसं हेही सांगा की रात्री पडवीत असं असं चालतं, लहान मुलं असतील तर लवकर झोपवा. मी हे तात्यांना निघताना बोललो, त्यांनी मान्य केलं. अर्धा स्टार त्याचा आणि अर्धा मागच्या बाथरूमच्या कडीचा, ती नीट लागत नाही, आतून गाणं म्हणत बसावं लागतं.

"जपानची बाजू घेतात" म्हणणाऱ्याला एवढंच, की मी होतो त्या रात्री जपानविरुद्ध सगळ्यात कडक बोलणं झालं ते याच पडवीत झालं आणि तात्यांनी त्या सरांना दुसरा चहा स्वतः आणून दिला. ज्याला रात्री नुसतं पत्ते खेळत बसायचंय त्याला खोलीत बसता येतं, कुणी बोलवायला येत नाही, फक्त रेंज मिळणार नाही.

प्रॅक्टिकल गोष्टी: बुकिंग फोनवरच होतं. दोघांचे नाश्त्यासकट २२०० घेतले, जेवणाचं ताट वेगळं, यूपीआय चालतं पण रेंज येईपर्यंत पडवीच्या कोपऱ्यात उभं राहावं लागतं त्यामुळे कॅश ठेवा. टॉर्च न्या. मासे पाहिजे असतील तर श्रावण संपल्यावर जा. आणि खेडचे सर दिवाळीनंतर परत येणार आहेत, जाताना तात्यांना दम देऊन गेलेत की पुढच्या वेळी चीनचे आकडे वहीत लिहून आणतो, तेव्हा बसू, त्यामुळे त्या वीकेंडची खोली मिळाली तर सोडू नका.